नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

एकवचन आणि अनेकवचन यांत केवढे अंतर असते ते पाहायचे असेल, तर ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ हे दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी मांडून पाहावेत. नाव ठेवणे हे बारशाचे काम. त्याला आत्या लागते, घुगऱ्या लागतात, चार माणसांची साक्ष लागते. नावे ठेवायला मात्र रिकामा वेळ पुरतो. आपल्या कला शाखेत पहिल्या कामाबद्दल दुसरे काम फार चालते. झाडाची पाने कागदावर चिकटवणारे, किड्यांना टाचणी टोचून पेटीत बसवणारे, एका गवताच्या दोन उपजाती मानाव्यात की तीन यावर वर्षानुवर्षे वाद घालणारे लोक आपल्याला कारकून वाटतात. खुद्द विज्ञान शाखेतही या विषयाला फारसा भाव नाही. ‘वर्गीकरण’ म्हटले की पाठांतर, असे तिकडच्या मैत्रिणी सांगतात.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. सजीवांना वेगवेगळे ओळखणे, त्यांचे वर्णन लिहिणे, त्यांना नाव देणे आणि त्या नावाबद्दल पुराव्यानिशी भांडणे हा एक गंभीर उद्योग आहे. तो भाषेचा उद्योग आहे, म्हणून आपलाही आहे. विदर्भात तर तो पोटापाण्याचा प्रश्न आहे. आणि या कामात ज्यांचे ज्ञान आजवर जमेला धरले गेले नाही, त्यांच्याच घरांतून आपल्यापैकी कितीतरी जण या महाविद्यालयात आलो आहोत.

साधे उदाहरण घेऊ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बर्डीवर यावे. रस्त्याच्या कडेला ‘सोन्या’चे ढीग लागलेले असतात. सोने म्हणजे आपट्याची पाने. परंतु त्या ढिगांत आपट्याबरोबर कांचनाची पानेही असतात, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. दोन्ही पाने मधोमध दुभंगलेली, दोन्ही जोडपानासारखी दिसणारी. आपट्याचे पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचे मोठे आणि पातळसर. आपट्याची फुले बारीक, पांढुरकी पिवळी, तर कांचनाची मोठी, गुलाबी जांभळी. एवढा फरक ज्याला ठाऊक नाही तो एका झाडाचे नाव घेऊन दुसऱ्याच्या फांद्या ओरबाडतो, आणि पुढल्या वर्षी आपटा उरला किती हे त्याला मोजताही येत नाही. ज्याचे नाव नीट ठाऊक नाही त्याची काळजी घेता येत नाही, हे दसऱ्याच्या एका दिवसातसुद्धा दिसते.

ही दोन झाडे एकाच वंशातली. त्या वंशाचे शास्त्रीय नाव बॉहिनिया. सोळाव्या-सतराव्या शतकात जाँ आणि कास्पार बॉहिन हे दोघे भाऊ वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. एकाच देठावर जुळलेल्या दोन भागांचे पान पाहून त्या भावांची आठवण म्हणून हे नाव या वंशाला मिळाले. कास्पार बॉहिनने १६२३ साली छापलेल्या ग्रंथात सुमारे ६००० वनस्पतींची नोंद केली होती. शेतात निंदताना पायाखाली येणारा केना घ्या. त्याच्या वंशाचे नाव कॉमेलिना. फुलाच्या तीन पाकळ्यांपैकी दोन ठळक आणि एक नाममात्र. कॉमेलिन घराण्यातले दोघे नामवंत झाले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला, म्हणून लिनियसने हे नाव योजले. असले श्लेष करणाऱ्या माणसाला रुक्ष म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगते. लिनियसचा वनस्पतींवरचा ग्रंथ १७५३ सालचा आणि प्राण्यांच्या यादीची दहावी आवृत्ती १७५८ सालची. तेथून आजच्या दोन शब्दी नावांची गणती सुरू होते. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. उपजात असेल तर तिसरा तिचा. नवी जात जाहीर करणाऱ्याने तिचे वर्णन छापायचे, जवळच्या जातींहून ती वेगळी का ते सांगायचे, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा. उद्या कोणाला शंका आली तर त्याने तो नमुना काढून पाहावा. एकाच जिवाला दोघांनी दोन नावे दिली असतील तर साधारणपणे आधीचे टिकते. मराठीच्या विद्यार्थ्यांना यात काही ओळखीचे वाटत नाही काय? शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या एकमेकींशी ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथ्यांच्या जागी नमुने आणि पाठभेदांच्या जागी नावे ठेवली, की वर्गीकरण करणारा काय करतो ते कळते. तो सृष्टीची संहिता लावत असतो.

पण ही झाली विद्वत्तेची गोष्ट. नाव चुकल्याने काय होते ते पाहायचे तर आपल्या पऱ्हाटीच्या वावरात जावे लागेल. ‘बोंडअळी’ हा शब्द विदर्भातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु बोंडअळी नावाचा एक जीव नाही. ठिपक्याची बोंडअळी वेगळी; ती शेंडेही पोखरते. हिरवी, जिला ‘अमेरिकन’ म्हणतात, ती वेगळी. आणि गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळी वेगळी. ती फुलात शिरून त्याची डोमकळी करते आणि बोंडात शिरली की बाहेरून दिसतही नाही. तीन जीव, तीन रीती, आणि आपल्या तोंडी नाव एकच. उलट, तीच हिरवी अळी हरभऱ्यावर आली की तिला आपण घाटेअळी म्हणतो, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टमाट्यावर फळे पोखरणारी अळी. एका जिवाला चार नावे आणि तीन जिवांना एक! ‘अमेरिकन’ हे नावही खोटेच. ही जात मूळची जुन्या जगातली. अमेरिका खंडात तिची नोंद झाली ती २०१३ साली, ब्राझीलमध्ये. अमेरिकेची खरी बोंडअळी तिची बहीण आहे, ती ही नव्हे.

या गोंधळाची किंमत काय? २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. गावोगावी ते ‘बोंडअळी न लागणारे बियाणे’ म्हणून गेले. कोणती बोंडअळी, हे कोणी विचारले नाही. हिरव्या अळीला तूर, हरभरा, टमाटे अशी पुष्कळ पिके चालतात. तिची बरीचशी पिलावळ बीटीबाहेर वाढते, त्यामुळे औषधाला न जुमानणारी संतती सहजासहजी माजत नाही. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कापसावरच जगणारी. सगळीकडे एकच बियाणे पेरले की तिला दुसरा आसराच नाही. जी जगेल ती बियाण्याला पचवूनच जगेल. म्हणून बीटीच्या भोवती साध्या कापसाच्या ओळी लावायला सांगितल्या होत्या. त्या बहुतेकांनी लावल्या नाहीत, कारण त्या कशासाठी हे जातीजातींतला फरक समजल्याशिवाय कळणारच नाही. २०१० साली गुजरातेत गुलाबी अळीची प्रतिकारशक्ती जाहीर झाली. पुढे दुसरे जनुकही तिने पचवले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातले शेतकरी अळीने पोखरलेली बोंडे हातात घेऊन बसले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीने विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ही सगळी संकटे एका शब्दाने आणली असे मी म्हणत नाही. परंतु शत्रूची ओळख पटलेली नसताना केलेली लढाई कशी होते, ते आपण पाहिले आहे.

नेमके नाव कळल्याने काय साधते, त्याचीही गोष्ट नागपूरशी जोडलेली आहे. २००५ नंतरच्या दोन-तीन हंगामांत कापसावर पांढऱ्या पिठ्या ढेकणाचे थर दिसू लागले. हा कोण, कुठला, येथला की बाहेरचा, हे ठरल्याशिवाय उपाय शोधायचा कोठे? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ९ राज्यांतल्या ४७ ठिकाणांहून नमुने गोळा केले आणि २००९ साली निष्कर्ष छापला. सुमारे ९५ टक्के नमुने फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस या एकाच जातीचे निघाले. ही जात १८९८ साली टिन्सली या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात सापडलेल्या नमुन्यांवरून वर्णिली होती. तेथील मुंगीच्या नावावरूनच तिचे नाव पडले. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी, कोणताही फायदा समोर नसताना, एका किड्याचे वर्णन लिहून ठेवले होते, म्हणून आपल्याकडच्या पाहुण्याचा गाव आणि गोत्र कळले.

गोष्ट येथे संपत नाही. त्या पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याला संपवणारी एक मुंगीएवढीही नसलेली माशी आपल्या शेतांत आढळली. अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००९ साली नवी जात म्हणून तिचे वर्णन केले आणि बंबावाले या कृषिशास्त्रज्ञाच्या आडनावावरून तिला ईनॅसियस बंबावालेई असे नाव दिले. एक मराठी आडनाव लॅटिनात जाऊन बसले! परंतु २०१४ साली इतरांनी नमुने ताडून दाखवले की हीच माशी जिरोने १९१५ मध्येच ॲरिझोनातल्या नमुन्यावरून वर्णिली होती. झाले, नियमाप्रमाणे जुने नाव टिकले, आपले मागे पडले. मला या प्रसंगाचे वाईट वाटत नाही, उलट आदर वाटतो. नाव कोणाच्याही मानाचे असो, पुरावा आला की ते सोडायचे. आणि सोडलेले नावही यादीतून पुसायचे नाही, समानार्थी म्हणून नोंदून ठेवायचे. एवढी शिस्त आपल्या सार्वजनिक जीवनात किती ठिकाणी आहे?

येथे कोणी विचारील, की शास्त्रज्ञांचेच एकमत होत नाही तर या वर्गीकरणावर विश्वास का ठेवायचा? आमच्या संत्र्याचेच पाहा. लिंबू, संत्री, मोसंबी यांच्या वंशात स्विंगलने १९४३ मध्ये १६ जाती मानल्या. तनाकाने वाढवत वाढवत दीडशेच्या वर नेल्या. एक जुळवणारा, दुसरा फोडणारा. २०१८ साली या फळांच्या जनुकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की मोसंबी म्हणजे संत्रावर्ग आणि पपनस यांच्या संकराची लेक, आणि ज्या जंबेरीच्या खुंटावर आपण संत्र्याचा डोळा बांधतो ती महाळुंग आणि संत्रावर्ग यांची. त्या जंबेरीला लशिंग्टनने १९१० साली सिट्रस जंभिरी असे जातीचे नाव दिले होते. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द त्याने तसाच उचलला. म्हणजे शब्द आपला खरा ठरला आणि जातीची पदवी तेवढी गळाली. मतभेद झाले, कबूल. पण ते उघड झाले, छापील झाले, आणि पुरावा वाढला तसे कमी झाले. ज्या शास्त्रात वाद होत नाहीत त्याच्यावर विश्वास ठेवायला मला अधिक भीती वाटेल.

उपजातींचा कीसही असाच वाया जात नाही. संत्र्या-लिंबाची पाने खाणाऱ्या अळीपासून जे काळे-पिवळे फुलपाखरू होते त्याला १७५८ साली लिनियसने पॅपिलिओ डेमोलियस हे नाव दिले. त्याची ऑस्ट्रेलियातली उपजात लिंबावर जात नाही, बावचीच्या गोत्रातल्या झुडपांवर जगते. आग्नेय आशियातली उपजात मात्र लिंबावरच पोसते, आणि ती २००४ साली वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात पोहोचली तेव्हा तेथल्या बागाईतदारांच्या पोटात गोळा आला. नुसते ‘तेच फुलपाखरू’ म्हणून भागत नाही. कोणते ‘तेच’, हे सांगावे लागते.

या सगळ्या विवेचनात मी ‘जात’ हा शब्द वापरत आले आहे, आणि प्रत्येक वेळी तो थोडा खुपला आहे. स्पीशीजला आपली पुस्तके ‘जाती’ म्हणतात, वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ म्हणतात, आणि काही ग्रंथांत प्रजाती म्हणजे त्याच्या वरची पायरी. परिभाषेचा हा घोळ निस्तरायला हवाच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की हा शब्द आपल्या समाजात निष्पाप नाही. किड्यांच्या जाती शोधून काढल्या जातात, माणसांच्या जाती लादल्या गेल्या. आपसांत वंश पुढे चालवू शकणाऱ्या जिवांचा समूह म्हणजे जात, ही जीवशास्त्रातली कसोटी लावली तर माणसाची जात एकच आहे, होमो सेपियन्स. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्था म्हणजे वंशभेद नव्हे हे ठणकावून मांडले. ज्या मध्यप्रांतात फुलपाखरांच्या याद्या झाल्या, त्याच प्रांतात १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी येथल्या जाती-जमातींचे चार खंड छापले. माणसांच्या रीतिभाती जणू नमुन्यांसारख्या ओळीने मांडल्या. १८७१ च्या कायद्याने तर काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार असे नाव चिकटवले. तो शिक्का कायद्यातून पुसला गेला १९५२ साली. लोकांच्या मनातून अजून पुरता पुसला गेलेला नाही. फुलपाखराला चुकीचे नाव दिले तर ते उडून जाते. माणसाला दिले तर त्याला ते पिढ्यान्‌पिढ्या वागवावे लागते. म्हणून वर्गीकरणाची शिस्त शिकताना तिची हद्दही शिकली पाहिजे. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तेथल्या विद्यार्थ्यांनी तरी हे विसरू नये.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. नागपूर या कामात मागे नव्हते. स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या मागल्या शतकात येथले खडक धुंडाळले आणि टाकळीच्या थरांतून जीवाश्म काढले. त्यांतल्या कीटकांचे वर्णन १८६० साली लंडनला छापून आले, आणि एका किड्याला हिस्लॉप यांचेच नाव मिळाले. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयातून, म्हणजे अजब बंगल्यातून, ई. ए. डी’अब्रू यांची मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी १९३१ साली निघाली. तीत १७७ जाती आहेत. १९८६ मध्ये उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ आला. २००९ साली नागपूर विद्यापीठातील संशोधकांनी शहर आणि परिसरातील फुलपाखरांच्या १४५ जाती नोंदवल्या. डी’अब्रूंनी ती ३९ पानांची पुस्तिका लिहून ठेवली नसती, तर आज काय टिकले आणि काय गेले याचा हिशेब कोणत्या वहीशी ताडून पाहिला असता?

या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तीत एक रकाना नेहमी रिकामा किंवा अर्धवट असतो, तो स्थानिक नावांचा. माझी आई शाळेत गेली नाही, पण निंदायला गेल्यावर केना, तरोटा, कुरडू, आघाडा, घोळ ही रोपे दोन पानांची असताना ती वेगळी ओळखते. ग्रंथातल्या ओळखीच्या किल्ल्या बहुधा फुला-फळांवर चालतात. फूल येईपर्यंत थांबले तर पीक हातचे जाते, म्हणून निंदणारीला रोप पानावरून आणि देठाच्या रंगावरून ओळखावेच लागते. हे ज्ञान ग्रंथात नाही. ते खुरप्याच्या टोकाशी आहे, आणि तणनाशकाची फवारणी आली तसे ते तेथूनही जाऊ लागले आहे. माझ्या वयाच्या मुलींना त्यातली निम्मी नावेही येत नाहीत.

ते जाण्याला शाळाही हातभार लावते. मी निबंधात ‘तरोट्याची भाजी’ लिहिले, तेव्हा तो शब्द लाल शाईने खोडून वर ‘टाकळा’ लिहिले गेले. टाकळा बरोबर आहे, पण तरोटा चूक कसा? पुणे-मुंबईकडे टाकळा, आमच्याकडे तरोटा. खुद्द लिनियसने १७५३ मध्ये त्याला कॅसिया टोरा म्हटले आणि पुढच्यांनी ते उचलून सेन्ना वंशात नेले. तेथे जुने नाव समानार्थी म्हणून मानाने नोंदले गेले. लॅटिनला जो न्याय मिळतो तो वऱ्हाडी-झाडीबोलीच्या शब्दांना का मिळू नये?

यावर विज्ञानाच्या प्राध्यापकांचे उत्तर मला ठाऊक आहे. लोकांची नावे गावागणिक बदलतात, एकात अनेक मिसळलेले असतात, त्यांच्यावर शास्त्र उभे राहत नाही. बरोबर आहे. बोंडअळीचे उदाहरण मीच वर दिले आहे. लोक तेथेच बारीक भेद करतात जेथे त्यांचे काम अडते. एरवी सगळी पाखरे ‘पाकोळी’. पण लॅटिन नाव जे सांगत नाही ते ही नावे सांगतात: काय खावे, काय गुरांना घालू नये, कोणत्या नक्षत्रात काय उगवते. लॅटिन नावाच्या जागी ही नावे बसवा असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी, तेवढ्याच काळजीने, सांगणाऱ्याच्या आणि गावाच्या नावासह लिहा, एवढेच माझे म्हणणे आहे. लेखी नोंदीचे मोल हळदीच्या खटल्यात सगळ्या देशाने पाहिले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले तेव्हा कोठे ते १९९७ मध्ये रद्द झाले. आजीबाईंचे ‘आम्ही लावत आलो’ तेथे चालले नसते. छापील कागद चालला.

असा कागद करण्याची सोय कायद्याने केलेलीही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी आणि लोकांच्या मदतीने तिने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करावी. राज्याच्या जैवविविधता मंडळाचे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य फुलपाखरू ठरवले. मंडळाने राज्यातल्या फुलपाखरांना मराठी नावे देण्याचे कामही केले, आणि राज्य फुलपाखराला आता ‘नीलवंत’ म्हणतात. नाव सुंदर आहे. पण जेथे नाव नव्हते तेथे नवे घडवणे जेवढे आवश्यक, तेवढेच जेथे आहे तेथे ते मरण्याआधी टिपणे आवश्यक. नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. मुदतीच्या धाकाने वही भरता येते. तीत निंदणारीचे शब्द उतरायला मात्र तिच्या शेजारी बांधावर बसावे लागते, आणि तिची बोली समजावी लागते. हे काम शहरातून पाठवलेल्या माणसापेक्षा तिच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला चांगले जमेल. मराठी, समाजशास्त्र, इतिहास शिकणाऱ्या आपल्याला मुलाखत कशी घ्यावी आणि शब्द कसा टिपावा हे शिकवले जाते. ते वापरायचे कोठे, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. येथे वापरावे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, खेड्यातून आलेल्या प्रत्येकाने दिवाळीच्या सुटीत आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही मागावी, वाचावी, आणि आपल्या घरातल्या माणसांना ठाऊक असलेली कोणती नावे तीत नाहीत ते पाहावे. दुसरी, प्रत्येकाने निदान वीस नावे टिपावीत: झाडाचे किंवा किड्याचे बोलीतले नाव, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नाव, गाव, महिना, उपयोग, झाड असेल तर वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली फुलासह फांदी, किडा असेल तर छायाचित्र आणि तो कोणत्या झाडावर होता त्याची नोंद. नमुना नसलेले नाव म्हणजे पोथी नसलेला पाठ. औषधी उपयोग मात्र गावाला विचारल्याशिवाय छापू नयेत. तिसरी सूचना प्राध्यापक मंडळींना आहे. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना वर्षातून दोनदा बोलावून हे नमुने ओळखून घ्यावेत, आणि या वार्षिकाची चार पाने दर वर्षी त्या यादीला द्यावीत.

आणखी एक गोष्ट, जी मला कळली तेव्हा फार आनंद झाला. वनस्पतीच्या नव्या जातीचे वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच लिहावे लागे. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालते. प्राण्यांच्या, म्हणजे कीटकांच्याही, नामकरणाचे नियम मात्र वर्णनाच्या भाषेची सक्ती करत नाहीत; जगात जास्त लोक वाचतात अशी भाषा वापरावी, अशी फक्त शिफारस आहे. नाव रोमी लिपीत हवे, वर्णन मराठीत असले तरी ते केवळ भाषेमुळे बाद होत नाही. जगाला वाचता यावे म्हणून ते इंग्रजीतही द्यावेच लागेल. पण किड्याचे पाय, पंख, मिशा, रंग, खवले यांचे नेमके वर्णन करता येईल अशी मराठी आपल्याजवळ आहे का? नसेल तर ती घडवणे हे कोणाचे काम आहे? विज्ञानवाल्यांचे एकट्यांचे नक्कीच नाही.

पुढल्या वर्षीच्या अंकासाठी मी माझ्या गावची वीस नावे देणार आहे, पहिले तरोट्याचे. बाकीची पाने भरायला मित्र-मैत्रिणींची मदत लागेल.